४ जीबीची नँड चिप चढवली, कर्नल म्हणतो आकार शून्य

सोल्डरराव

मंडळी, एम्बेडेड लिनक्सवाले (यंत्रांच्या पोटात लिनक्स बसवणारे) कुणी असाल तर जरा इकडे लक्ष द्या.

शेतातल्या हवामान केंद्रांसाठी आम्ही डेटा लॉगर बनवतो. आत एआरएम प्रोसेसर, १२८ एमबी रॅम आणि आजवर १ जीबीची नँड फ्लॅश (वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी मेमरी चिप). ती चिप आता बनायची बंद झाली. डीलरने त्याच पायांची ४ जीबीची चिप दिली, म्हणाला, "साहेब, तेवढ्याच पैशात चौपट." बोर्डावर चढवली, कन्सोल लावला. कर्नलमधल्या (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) चिपा ओळखायच्या तक्त्यात या चिपची ओळ नव्हती, ती मी घातली: आकार ४०९६ एमबी. आता आयडी बरोबर वाचला जातो, निर्मात्याचं नाव बरोबर येतं. पण प्रॉक फोल्डरमधली एमटीडीची, म्हणजे कर्नलच्या फ्लॅश सांभाळणाऱ्या भागाची, यादी उघडली तर आकाराच्या रकान्यात सरळ आठ शून्यं. पुढे पार्टिशनचा कोड कुरकुरतो की सगळी पार्टिशनं हद्दीबाहेर आहेत, सबब बंद करतोय.

कर्नल २.६.२८ आहे. बोर्ड देणाऱ्याने दिलेला, त्यावर त्यांच्या पॅचेसचा ढीग, त्यामुळे नवा कर्नल घ्या असं एका वाक्यात सांगू नका, प्लीज. फाइल सिस्टिम जेएफएफएस२, थेट फ्लॅशसाठी बनवलेली.

आकाराचा व्हेरिएबल ३२ बिटांचा ६४ केला की भागेल का? आणि जेएफएफएस२ राहू द्यावी का?

बंड्या_४०४

एक अक्षर कळलं नाही, पण आठ शून्यं वाचून मजा आली. वाचनखूण साठवली आहे.

हेक्सआजोबा

सोल्डरराव, तुमचं नशीब बघा. कर्नल २.६.२८ आणि ही दुरुस्ती आली नेमकी २.६.२९ मध्ये, मार्च २००९ ला. नोकियात तेव्हा एड्रियन हंटर होते, त्यांनी एमटीडीचा आतला आकार ६४ बिटांचा केला. त्याआधी तो ३२ बिटांचा होता. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजता येतं आणि ४ जीबी म्हणजे त्याहून बरोबर एक जास्त. वरचा बिट गळला की उरतं शून्य. शून्य दिसलं हे चांगलंच झालं म्हणा. २ जीबीच्या तीन चिपा जोडल्या असत्या तर कर्नलने शहाण्यासारखं २ जीबी दाखवलं असतं आणि तुम्ही माल पाठवून मोकळे झाला असता.

व्हेरिएबल बदलून भागेल का? नाही. तीन ठिकाणी ठेच लागेल.

पहिली तुमच्या त्या तक्त्यातच. तिथे आकार एमबीत असतो, वीस घरं डावीकडे सरकवला की बाइट होतात. डावीकडचा व्हेरिएबल ६४ बिटांचा केलात, तरी उजवीकडचं ४०९६ तुमच्या एआरएमवर ३२ बिटांतच सरकतं. शून्य आधी होतं आणि मग ते शून्य ऐसपैस ६४ बिटांत जाऊन बसतं. आधी कास्ट (६४ बिटांचा करणं), मग शिफ्ट (सरकवणं). कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दुसरी ठेच भागाकाराची. आकार भागिले इरेज ब्लॉक (एकदम खोडला जाणारा तुकडा), असं जिथे जिथे लिहिलंय तिथे लिंकर बोंबलेल. ३२ बिटांच्या एआरएमवर ६४ बिटांचा भागाकार आला की जीसीसी कंपायलर स्वतःच्या लायब्ररीतलं फंक्शन मागतो, आणि कर्नल त्या लायब्ररीशी जोडलेला नसतो. कर्नलमध्ये त्यासाठी डू-डिव्ह नावाचा मॅक्रो आहे. त्याचा स्वभाव तिरका आहे: भागाकार मूळ व्हेरिएबलमध्येच ठेवतो आणि परत देतो ती बाकी. घाईत लिहिलं की हमखास उलटं होतं. २.६.२९ मध्ये एमटीडीने यासाठी वेगळी छोटी फंक्शनं केली. इरेज ब्लॉक दोनाच्या घातात असेल तर नुसतं उजवीकडे सरकवायचं, नसेल तरच खरा भागाकार. त्या फाइल्स उचला, स्वतः लिहीत बसू नका.

तिसरी ठेच यूजरस्पेसची (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमची), आणि माझ्या मते हीच सगळ्यात चिवट. कर्नलच्या आत काहीही बदलता येतं, पण बाहेरच्या प्रोग्रॅमना एकदा दिलेला इंटरफेस मोडायचा नाही हा लिनक्सचे जनक टोरवाल्डस यांचा दंडक. त्यामुळे डिव्हाइसची माहिती देणारी जुनी आयओसीटीएल (प्रोग्रॅमने कर्नलला करायची विनंती) आजही आकार ३२ बिटांतच सांगते. खोडण्यासाठी, ओओबी (डेटाशेजारची राखीव जागा) वाचण्या-लिहिण्यासाठी ६४ बिटांच्या नव्या आयओसीटीएल शेजारी आणून ठेवल्या, आणि खरा आकार सिसएफएसमधून (कर्नल आपली माहिती मांडतो त्या फोल्डरमधून) वाचायचा असं ठरलं. म्हणजे कर्नल दुरुस्त केलात तरी जुनी फ्लॅश-इरेज (फ्लॅश खोडायचं टूल) ४ जीबीच्या पलीकडचं काही बघणार नाही.

तळ्यात_मळ्यात

एवढा खटाटोप कशाला? तक्त्यात २०४८ एमबी लिहा. अर्धी चिप वापरा. आधी १ होती, आता २ मिळतेय, तरी दुप्पटच. गिऱ्हाइकाला कोण सांगायला जातंय?

हेक्सआजोबा

जुगाड म्हणून चालेल, आणि तोही वाटतो तितका वाईट नाही. त्या चिपमध्ये दोन डाय (सिलिकॉनचे तुकडे) असतील आणि दोन्हींचे चिप सिलेक्ट (निवडीचे पाय) वेगळे बाहेर आले असतील तर २-२ जीबीची दोन स्वतंत्र एमटीडी डिव्हाइसही करता येतील. बऱ्याच जणांनी त्या काळी हेच केलं.

मुक्ता_नँडवाली

थांबा जरा. आकाराच्या नादात सगळे एक गोष्ट विसरताय. सोल्डरराव, डेटाशीटमध्ये ईसीसीची (बिघडलेले बिट दुरुस्त करणाऱ्या कोडची) ओळ बघितलीत का? पान, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, किती केबीचं आहे?

सोल्डरराव

आजोबा, साष्टांग. कास्टचं तेच निघालं. तुमच्या सांगण्यावरून २.६.२९ मधल्या एमटीडीच्या फाइल्स उचलल्या, आता आकार बरोबर दिसतो.

मुक्ताताई, पान ४ केबी, ओओबी २२४ बाइट. डेटाशीट म्हणते दर ५१२ बाइटला ८ बिट. आमच्या ड्रायव्हरमध्ये सॉफ्टवेअर ईसीसी आहे, जुन्या चिपला तेवढीच लागायची.

मुक्ता_नँडवाली

वाटलंच. मग आकार दिसला म्हणून पेढे वाटू नका.

त्या कर्नलमधली सॉफ्टवेअर ईसीसी म्हणजे हॅमिंग, प्रत्येक तुकड्यात एक बिट दुरुस्त करणार, दोन बिघडले तर हात वर. जुन्या १ जीबीच्या एसएलसीला (एका सेलमध्ये एकच बिट) ते पुरायचं. चिपा मोठ्या झाल्या त्या सेल लहान करून, आणि सेल लहान झाला की त्यात धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन कमी, शेजाऱ्याचा त्रास जास्त. त्यामुळे जागा वाढते तशी ईसीसीची भूकही वाढते. नवीन चिपवर हॅमिंग ठेवलंत तर टेबलावर सगळं झकास चालेल. उन्हातान्हात वर्षभर राहिलेल्या पेटीत मात्र दोन बिट उलटलेलं पान कधीतरी येणारच, आणि ते रूट फाइल सिस्टिममध्ये असलं की गाडी पाठवावी लागते. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे नेमकं हेच झालं, आणि खापर आधी पॉवर सप्लायवर फुटलं.

तुम्हाला बीसीएच लागेल, एका तुकड्यात अनेक बिट दुरुस्त करणारी ईसीसी. तुमच्या प्रोसेसरच्या नँड कंट्रोलरमध्ये हार्डवेअर बीसीएच असेल तर उत्तम. नसेल तर कर्नलमध्ये सॉफ्टवेअर बीसीएच २.६.३९ ला आली, २०११ मध्ये. ती जुन्या कर्नलमध्ये मागे आणता येते, लायब्ररी बऱ्यापैकी सुटसुटीत आहे. सीपीयूवर भार पडतो, पण डेटा लॉगरला घाई कुठे असते?

शिवाय ओओबीत ईसीसीचे बाइट कुठे बसतात ते सांगणारी यादी जुन्या कर्नलमध्ये ठरावीक लांबीची आहे. ४ केबीचं पान, ५१२ चे आठ तुकडे, प्रत्येकी १३ बाइट: १०४ नोंदी. यूजरस्पेसला दिसणाऱ्या यादीत जागा ६४ ची. आकार ३२ बिटांचा ठेवणाऱ्यांनीच ही यादीही "एवढी पुरे" म्हणून ठेवलेली.

बंड्या_४०४

बावळट प्रश्न विचारतो. माझ्या फोनमध्ये २५६ जीबी आहे. तिथे ही आठ शून्यांची भानगड का होत नाही?

मुक्ता_नँडवाली

बावळट अजिबात नाही, सगळा खेळच तिथे आहे. फोनमधल्या ईएमएमसी किंवा यूएफएसमध्ये नँडसोबत एक छोटा कंट्रोलर असतो. खराब ब्लॉक, ईसीसी, झीज सारखी वाटणं हे सगळं तो आतल्या आत बघतो आणि कर्नलला सांगतो की मी एक साधी डिस्क आहे, हे घे माझे सेक्टर. सोल्डररावांच्या चिपमध्ये असं मधलं कुणी नाही. एक पान लिहिता येतं, पण खोडायचा तो अख्खा ब्लॉकच, आणि ते सगळं कर्नलला स्वतः सांभाळावं लागतं.

वेताळटेकडी

जेएफएफएस२ च्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, तर मी लावतो. हा माझा जुना जिव्हाळ्याचा आणि डोकेदुखीचा विषय.

जेएफएफएस मूळ स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्सची, १९९९ च्या सुमाराची. तिच्यावरून रेड हॅटमध्ये असताना डेव्हिड वुडहाउस यांनी २००१ मध्ये जेएफएफएस२ लिहिली. त्या काळी फ्लॅश म्हणजे चार, आठ, फार तर बत्तीस एमबी, आणि त्या मापाला ती फाइल सिस्टिम फारच सुरेख होती. लिहिताना फक्त पुढे पुढे लिहीत जायचं, वीज गेली तरी मागचं शाबूत. पण फ्लॅशवर कुठल्या फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका तिने ठेवलीच नाही. गोदाम आहे, नोंदवही नाही. रोज सकाळी कुलूप उघडलं की प्रत्येक पोतं उलटून बघायचं आणि यादी डोक्यात धरायची. माउंट करताना (फाइल सिस्टिम वापरायला उघडताना) अख्खी फ्लॅश चाळायची आणि प्रत्येक नोडची (लिहिलेल्या तुकड्याची) नोंद रॅममध्ये ठेवायची. दोन्ही खर्च फ्लॅशच्या आकाराबरोबर सरळ वाढतात.

हे कुठे बोचलं? ओएलपीसीच्या (दर मुलाला एक लॅपटॉप देण्याचा प्रकल्प) त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये. २५६ एमबी रॅम, १ जीबी कच्ची (मधला कंट्रोलर नसलेली) नँड आणि वर जेएफएफएस२. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत २००७ मध्ये हे लॅपटॉप मुलांच्या हातात आले होते, आठवत असेल. १ जीबी म्हणजे जेएफएफएस२ च्या दृष्टीने अवाढव्य, आणि फ्लॅश भरत आली की यंत्र जड व्हायचं. पुढच्या मॉडेलमध्ये त्यांनी कच्ची नँड सोडून एसडी कार्डाचा रस्ता धरला. ब्लॉकच्या शेवटी सारांश लिहून ठेवण्याची सोय नंतर जेएफएफएस२ मध्ये आली, त्याने चाळणं लवकर आटोपतं, पण रॅममधलं ओझं तसंच राहतं.

४ जीबीवर तर हा वादच नको, कारण जेएफएफएस२ च्या रॅममधल्या नोंदीतला पत्ता ३२ बिटांचाच आहे. शिवाय तुमची रॅम १२८ एमबी. विसरा.

यूबीआय आणि यूबीआयएफएस घ्या. यूबीआय कर्नलमध्ये आलं २.६.२२ ला, २००७ मध्ये. यूबीआयएफएस २.६.२७ ला, २००८ मध्ये. यूबीआयएफएस हे नोकियाचे लोक आणि हंगेरीतलं सेगेद विद्यापीठ यांचं काम. म्हणजे तुमच्या जुन्या कर्नलमध्येही दोन्ही आहेत, फक्त कोवळ्या अवस्थेत. यूबीआय खालचे खराब आणि झिजलेले ब्लॉक झाकतं आणि वर आभासी ब्लॉक देतं. यूबीआयएफएस आपली अनुक्रमणिका फ्लॅशवरच झाडाच्या रूपात ठेवते, त्यामुळे माउंट करायला ती फ्लॅशचा आकार बघत नाही.

हेक्सआजोबा

वेताळ, पूर्ण चित्र सांगा की. यूबीआयएफएस आकार बघत नाही, पण यूबीआय बघतं.

वेताळटेकडी

तिकडेच येत होतो, आजोबा. यूबीआय जोडताना प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीचे दोन हेडर वाचतं: हा ब्लॉक किती वेळा खोडला गेला, आणि कुठल्या आभासी ब्लॉकला दिला आहे. सोल्डररावांचा इरेज ब्लॉक ५१२ केबीचा धरला तर ४ जीबीत ८१९२ ब्लॉक, प्रत्येकी दोन वाचनं. जेएफएफएस२ अख्खा ब्लॉक चाळायची, हे फक्त कपाळ वाचतं, पण वाढ पुन्हा सरळ रेषेतच. त्यावर रिचर्ड वाइनबर्गर यांनी फास्टमॅप आणलं, ३.७ मध्ये, डिसेंबर २०१२. यूबीआय आपला नकाशाच फ्लॅशवर लिहून ठेवतं आणि त्याचा पत्ता पहिल्या ६४ ब्लॉकांत कुठेतरी सापडतो. म्हणजे नकाशा शोधायला फार तर ६४ ब्लॉक बघायचे.

माझा अनुभव विचाराल तर एक गोष्ट पक्की आहे. आकडा रुंद करणं हे कष्टाचं काम, पण एकदाच करायचं. खरा घात करतात ते सरळ रेषेत वाढणारे खर्च. ते कुठल्याही एका चिपवर एरर देत नाहीत, नुसते दरवर्षी बूट थोडं थोडं लांबवत नेतात, आणि कुणी बग नोंदवत नाही.

कोडगा

एवढी पारायणं वाचली. सरळ ईएमएमसी टाका ना राव. कर्नलला डिस्क दिसते, ईएक्सटी४ ही नेहमीची फाइल सिस्टिम टाका, घरी जा. २०२० नंतर कच्ची नँड वापरणं म्हणजे हौस.

मुक्ता_नँडवाली

कोडगा, नव्या डिझाइनला मी पण हेच सांगेन. पण "घरी जा" एवढं सोपं नाही. आतला कंट्रोलर वीज गेल्यावर काय करतो ते तुम्हाला माहीत नसतं आणि विचारलं तर उत्तर येतं, "गोपनीय." एकाच नंबरच्या ईएमएमसीचं फर्मवेअर पुढच्या लॉटमध्ये बदललेलं मी बघितलंय. कच्च्या नँडमध्ये निदान सगळा दोष आपल्या डोळ्यांसमोर असतो.

एसएलसी नँड असेल तर यूबीआय अजून मस्त चालतं. एमएलसीवर नाही. एमएलसीच्या एका सेलमध्ये दोन पानांचे बिट असतात, त्यामुळे आत्ताचं पान लिहिताना वीज गेली तर कधीच लिहून झालेलं जोडीदार पानही बिघडू शकतं. जे पूर्ण झालं ते शाबूत, या गृहीतकावर यूबीआयएफएस उभी आहे, तीच मोडते. २०१८ मध्ये यूबीआयने एमएलसी घ्यायला सरळ नकार दिला. नंतर २०२० मध्ये, ५.८ ला, एमएलसी एसएलसीसारखी वापरण्याची सोय आली. जागा निम्मी होते, पण जोडीदाराची कटकट जाते.

सोल्डरराव, तुमची चिप एसएलसीच आहे ना? "तेवढ्याच पैशात चौपट" ऐकून शंका येतेय.

सोल्डरराव

डेटाशीट पुन्हा उघडली. एसएलसीच आहे, देवाची कृपा.

तळ्यात_मळ्यात

जरा अवांतर. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात ५१२ जीबीचं कार्ड घेतलं. पहिले काही जीबी नीट लिहिलं, पुढचे फोटो सगळे मोडके. हे पण ३२ बिटांचंच का?

हेक्सआजोबा

नाही, ही निव्वळ फसवणूक. आत लहान चिप आणि कंट्रोलर खोटा आकार सांगतो. एफ३ नावाचं टूल आहे, ते कार्ड भरून परत वाचून बघतं. दुकानातून निघायच्या आधी चालवता आलं असतं तर बरं, पण दुकानदार तेवढा वेळ उभा राहू देत नाही.

एसडी कार्डांची ३२ बिटांची गोष्ट वेगळी आणि मजेदार आहे. सुरुवातीच्या कार्डांना पत्ता बाइटमध्ये द्यायचा, ३२ बिटांत. त्यांची अधिकृत मर्यादा २ जीबी. एसडीएचसी आलं तेव्हा पत्त्याची रुंदी तीच ठेवली, फक्त तो आकडा ५१२ बाइटचे ब्लॉक मोजायला लागला. एका फटक्यात मर्यादा २ टीबीवर गेली. त्यापुढचं एसडीयूसी २०१८ मध्ये जाहीर झालं, १२८ टीबीपर्यंत. तिथे पत्ता ३८ बिटांचा, पण कमांडमध्ये जागा ३२ चीच. मग वरचे सहा बिट आधी एका वेगळ्या कमांडने पाठवायचे आणि मग नेहमीची वाचा-लिहायची कमांड. लिनक्समध्ये हे ६.१३ ला आलं, जानेवारी २०२५. म्हणजे सोल्डररावांचा तोच गळका बिट, सोळा वर्षांनी पुन्हा.

सिअ‍ॅटलकर_मावशी

उशिरा आले. मी सर्व्हरच्या एसएसडींवर काम करते, तिकडची एक गंमत सांगते. तुम्ही म्हणताय मधला कंट्रोलर असला की कर्नल सुटला. मोठ्या ड्राइव्हना तेही खरं राहत नाही.

कंट्रोलरला प्रत्येक ४ केबीसाठी खरी जागा कुठे याची नोंद ठेवावी लागते, साधारण ४ बाइट. म्हणजे १ टीबीला १ जीबी डीरॅम. आता ६१.४४ टीबीचे क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट) ड्राइव्ह मिळतात. त्याच हिशोबाने ड्राइव्हच्या पोटात साठ जीबी डीरॅम हवी. शिवाय ४ बाइटच्या नोंदीत ४ केबीचे तुकडे मोजले तर १६ टीबीलाच आकडा संपतो. घ्या, फर्मवेअरमध्येही ३२ बिटच!

म्हणून ते लोक तुकडा मोठा करतात: १६ केबी, कधी त्याहून जास्त. डीरॅम वाचते, पण तुम्ही ४ केबी लिहिलंत की ड्राइव्ह आत अख्खा तुकडा वाचतो, त्यात बदल करतो आणि परत लिहितो. वेग जातो आणि क्यूएलसीचं आधीच तोकडं आयुष्यही. यावर इलाज कर्नलकडेच: फाइल सिस्टिमनेच मोठ्या ब्लॉकमध्ये लिहायचं. पण लिनक्समध्ये फाइल सिस्टिमचा ब्लॉक मेमरीच्या पानापेक्षा, म्हणजे एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर) ४ केबीपेक्षा, मोठा असू शकत नाही हे वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं. पेज कॅशच (फाइलींचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणारा भाग) त्यावर बांधलेली. मॅथ्यू विलकॉक्स यांचं फोलिओचं (अनेक पानं एकत्र हाताळण्याचं) काम ५.१६ पासून यायला लागलं, ते पचल्यावर मग एक्सएफएस या फाइल सिस्टिमला मोठे ब्लॉक मिळाले, ६.१२ मध्ये, नोव्हेंबर २०२४. वेताळ म्हणाले तसं आकडा रुंद करणं एकदाच होतं, पण "ब्लॉक पानाहून लहान" यासारखी गृहीतकं किती ठिकाणी मुरलेली असतात ते उपसायला लागल्यावरच कळतं.

कोडगा

मावशी, हे नवीन कळलं. ईएमएमसीचं वाक्य अर्धं मागे घेतो. अर्धंच.

सोल्डरराव

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. बोर्डवाल्यांचे पॅच चाळले, त्यातले निम्मे आमच्या बोर्डावर नसलेल्या एलसीडीचे आणि कॅमेऱ्याचे निघाले. म्हणजे नव्या एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) कर्नलवर जाणं वाटलं होतं तेवढं अशक्य नाही. तिथे ६४ बिट, बीसीएच, फास्टमॅप सगळं आयतं आहे. तोवर शेतातल्या जुन्या पेट्यांसाठी २.६.२८ वर आजोबांचा पॅच आणि मागे आणलेली बीसीएच. जेएफएफएस२ ला दोन्हीकडे रजा.

हेक्सआजोबा

छान. फक्त बूटलोडर (कर्नल चालू करून देणारा प्रोग्रॅम) विसरू नका. तुमचा यू-बूट त्याच वयाचा असणार आणि त्याचा नँड कोड लिनक्सवरूनच घेतलेला आहे, तेव्हा तिथेही आकार ३२ बिटांचाच निघेल. आणि ईसीसी दोन्हीकडे एकच ठेवा. यू-बूटने हॅमिंगने लिहिलेली कर्नल इमेज बीसीएचवाल्या लिनक्सने वाचायला घेतली की प्रत्येक पान खराब दिसतं, आणि माणूस चिप बदलत बसतो.

सोल्डरराव

यू-बूट आत्ताच तपासला. आठ शून्यं.